आकडा बिघडला म्हणून बाळ बिघडलं असं नाही

एक किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम ९० मिली रक्त असतं. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. त्यातूनच रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी निळ्या टोपणाच्या नळीत १.८ मिली काढायचं! (लहान मुलांसाठी ०.९ मिलीची नळी मिळते, तीच मागावी.) नळीत रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त खुणेच्या खाली राहिलं की सायट्रेट वरचढ होतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते सांगणारे आकडे) खोटेच वाढलेले दिसतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांवर असलं तरी तेच. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सोडलेल्या शिरेतल्या लाइनमधून नमुना घेतला असेल तर तो रिपोर्ट धरूच नये.

बरं, नमुना चोख असला तरी नवजात बाळाचे आकडे मोठ्यांपेक्षा लांबतातच. व्हिटॅमिन के वापरून यकृत बनवतं ते २, ७, ९ आणि १० नंबरचे घटक जन्मतः मोठ्यांच्या साधारण निम्मेच असतात. पण गोठणं रोखणारे प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिनही तितकेच कमी. तराजूची दोन्ही पारडी हलकी, काटा मध्येच. म्हणून नुसत्या आकड्यासाठी प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना पिवळसर द्रव, ज्यात हे घटक असतात) चढवू नये.

सुईच्या जागेतून रक्त झिरपतंय, श्वासनळीतल्या ट्यूबमधून लाल येतंय, तर गोष्ट वेगळी. बहुतेकदा मुळाशी जंतुसंसर्ग किंवा जन्मवेळी गुदमरणं असतं. अँटिबायोटिक, ऑक्सिजन आणि ऊब सांभाळल्याशिवाय वरून ओतलेलं टिकत नाही. व्हिटॅमिन के १ मिग्रॅ दिलंय का, हे आधी पाहायचं. किलोच्या आतल्या बाळाला ०.५ मिग्रॅ. मग प्लाझ्मा, किलोमागे १० ते १५ मिली, सिरिंज पंपाने हळूहळू. घाई केली तर इवल्याशा हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो. गुठळीचे धागे बनवणारं फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे १०० मिग्रॅच्या खाली असेल तर क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेनने भरलेला भाग), किलोमागे ५ ते १० मिली.

प्लेटलेट्सबाबत हात आखडताच बरा. २०१९ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० अपुऱ्या दिवसांच्या बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. ५०,००० च्या खाली जाताच प्लेटलेट्स दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला. २५,००० पर्यंत थांबलेल्या गटात १९ टक्के.

प्लेटलेट्सची पिशवी ब्लड बँकेतून आणायला बहुधा बाळाचे बाबा किंवा मामा धावतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखला गाडी अडकली की बर्फ घालून डबा गार ठेवायचा मोह होतो. लाल पेशींना गारवा हवा, प्लेटलेट्सना नको. त्या २० ते २४ अंशांवरच राहतात, थंडीने गोलसर होतात आणि अंगात गेल्या की लगेच बाद होतात. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवा. आत धुराच्या वेटोळ्यांसारखी चमकती लहर फिरली तर माल चांगला. नुसतंच पिवळं, सपाट पाणी दिसलं तर ब्लड बँकेला फोन लावा.