लुकलुकणारी स्क्रीन आणि मिठाला सुटणारं पाणी

मालवण, वेंगुर्ले, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या गावांत लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकू लागली की निदान ठरलेलं असतं: ‘डिस्प्ले गेला, बदला.’ हा खर्च कितीदा तरी विनाकारण होतो, म्हणून हा लेख.

आधी लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथेही लुकलुक असेल तर दोष विंडोजचा नाही. नसेल, तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम दाखवणारी खिडकी) उघडा. तोही लुकलुकत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, पाहा. तो स्थिर राहिला तर दोष एखाद्या ॲपचा. एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल आणि झाकण हळूहळू हलवताना लुकलुक कमी-जास्त होत असेल, तर संशय बिजागरीतून स्क्रीनकडे जाणाऱ्या केबलवर आणि तिच्या कनेक्टरवर घ्यायचा.

खरी गंमत या कनेक्टरमध्ये आहे. त्यात साधारण ३० किंवा ४० पिना, एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तारांच्या एकेका जोडीतून सेकंदाला २.७ अब्ज बिट (चित्राच्या माहितीचे शून्य-एक) धावू शकतात.

लाटा फुटताना उडालेले बारीक थेंब हवेतच सुकतात आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर घरात येतात. लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. पण सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला (हवेत मावेल त्या वाफेच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ) हवेतली वाफ शोषून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच! पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. तसंच खारं पाणी पिनांवर पसरतं. पिनेवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा, त्याखाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांत खारं पाणी शिरलं की तिथे चिमुकला विद्युतघट तयार होतो. सोनं शाबूत राहतं, खालचा धातू झिजतो. गंजामुळे स्पर्शबिंदूचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, शेजारच्या पिनांमध्ये प्रवाह झिरपतो, बिट चुकतात आणि चित्र क्षणभर तुटतं.

मशीन तापलं की आतली सापेक्ष आर्द्रता उतरते आणि ओल सुकते. सकाळी लुकलुकणारी स्क्रीन थोड्या वेळाने शांत होत असेल, तर मिठाचा संशय बळावतो.

लुकलुकीतून ‘घातक लहरी’ निघतात असं सांगून विकली जाणारी स्टिकरं ही शुद्ध फसवणूक आहे. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप ठेवूनही उपयोग नाही: ओल गेली तरी मीठ जागेवरच राहतं.

कनेक्टर साफ करायचा तर आधी चार्जर काढा आणि बॅटरीची जोडणी सोडवा, कारण बॅकलाइटच्या (स्क्रीनमागच्या दिव्यांच्या) पिनांवर वीज असू शकते. केबल तिरकी लागली तर मदरबोर्डवरचा (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) फ्यूज उडू शकतो. नुसतं शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल इथे कमी पडतं, कारण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. डिस्टिल्ड पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने आधी मीठ काढायचं, मग पाणी ओढून घ्यायला अल्कोहोल फिरवायचं आणि सगळं पूर्ण सुकल्यावरच बॅटरी जोडायची.