अंडरस्कोर आणि कॅमलाइझ एकमेकांचे उलटे नाहीत, भावांनो

कोल्हापुरात रेल्स (रुबी भाषेत वेब ॲप्स बनवायची चौकट) शिकणाऱ्या पोरांच्यात एक समज लय वर्षं फिरतोय, की क्लासचं (कोडमधल्या साच्याचं) नाव अंडरस्कोर केलं, म्हणजे सगळं स्मॉल करून शब्दांच्या मधे _ घातलं, आणि परत कॅमलाइझ केलं, म्हणजे _ काढून शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल केली, की ते नाव जसंच्या तसं मिळतं. बहुतेक वेळा मिळतंही, म्हणून तर समज टिकलाय. पण एसएसएल-एरर हा क्लास घ्या, त्यात एस एस एल तिन्ही कॅपिटल. अंडरस्कोर केलं की सगळं स्मॉल, कुठलं अक्षर कॅपिटल होतं ही माहिती तिथंच गेली, मग कॅमलाइझ बिचारं प्रत्येक तुकड्याचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल करतं आणि मधला एस आणि एल स्मॉलच राहतात. हे उदाहरण रेल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे, पण वाचतंय कोण!

मॉडेलच्या (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेल्या क्लासच्या) नावाचं अनेकवचन करून रेल्स टेबलचं नाव ठरवतं, त्या अनेकवचनाचं तर त्याहून भारी. आत इंग्रजीची डिक्शनरी वगैरे काही नाही, रेजेक्सचे (अक्षरांचे नमुने ओळखणारे) नियम आणि अपवादांच्या छोट्या याद्या, बास. गुऱ्हाळाचं ॲप करताना मॉडेलला इंग्रजी अक्षरांत 'रस' नाव द्या. शेवटी एस आहे म्हणून टेबलही 'रस'च, पण हॅज-मेनी (एका मॉडेलला दुसऱ्याच्या अनेक नोंदी जोडणारी ओळ) लिहिलं की एकवचन करताना तोच एस कापला जातो आणि रेल्स 'रा' नावाचा क्लास हुडकत बसतं.

इन्फ्लेक्शन्सच्या (शब्दरूपांच्या नियमांच्या) इनिशियलायझरमध्ये, म्हणजे ॲप सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये, रस अनकाउंटेबल म्हणजे अनेकवचन न होणारा शब्द म्हणून टाका ('राइस' आधीपासूनच त्या यादीत आहे), एसएसएल ॲक्रोनिम म्हणजे लघुरूप म्हणून. मूळ नियम बदलून मिळतील ही आशा सोडा, जुनी ॲप्स मोडू नयेत म्हणून रेल्सची कोअर टीम त्यात पॅच (कोडमधले बदल) घेत नाही.