काहीच न करता तापणारा प्लाझ्मा

प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू) कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या सिम्युलेशनचे रंगीत व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात आणि बघणारा हमखास म्हणतो, कॉम्प्युटरने दाखवलंय म्हणजे तसंच असणार. ही पण अंधश्रद्धाच, फक्त स्क्रीनवरची.

मी एकदा साधी टेस्ट लावली होती. इलेक्ट्रॉन आणि आयन, एका घनमीटरमध्ये 10 चा 18 वा घात इतके, तापमान 1 इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे साधारण 11,600 केल्विन. बाहेरून फील्ड नाही, लेझर नाही, त्याने नुसतं गप्प पडून राहायचं होतं. सकाळी बघतो तर तापमान चार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास! ऊर्जा आली कुठून?

पहिला संशय टाइम स्टेपवर, म्हणजे सिम्युलेशन एका वेळी जितका काळ पुढे सरकतं त्यावर. जागचे हललेले इलेक्ट्रॉन झोके घेतात, या घनतेला सेकंदाला साधारण 9 अब्ज, आणि स्टेप त्याहून बरीच लहान नसेल तर आकडे भडकतात. माझी 2 पिकोसेकंद होती, एका झोक्यात पन्नासेक स्टेप्स, तरी अर्धी करून बघितली, फरक नाही. कण दसपट केले, आलेखाची खरखर तिपटीने कमी झाली (वर्गमुळाचा हिशोब), तापमान मात्र पुन्हा तिथेच.

चोर निघाला ग्रिड, म्हणजे जागेचे सारखे चौकोनी तुकडे (सेल) पाडणारी जाळी. आणि ही चोरी मला फार आवडते.

कण कुठेही असू शकतात, पण फील्ड मोजतो फक्त ग्रिडच्या ठरावीक बिंदूंवर. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसंच इथे होतं, दोन सेलपेक्षा आखूड लाट ग्रिडला आखूड म्हणून दिसतच नाही, ती लांब लाटेचं सोंग घेऊन येते. मग त्या खोट्या लाटेचं बल खऱ्या कणांवर लागतं, ते जोरात पळतात, आणि हिशोबात नसलेली ऊर्जा जमा होते.

आता गंमत बघा. प्लाझ्मामध्ये एका कणाचा प्रभाव आजूबाजूचे कण जेवढ्या अंतरात झाकून टाकतात ती डिबाय लेंथ, माझ्याकडे 7.4 मायक्रोमीटर, आणि सेल ठेवला होता 50 चा. डिबाय लेंथपेक्षा फार आखूड लाटा कणांच्या उष्ण धावपळीतच विरून जातात, आणि तापमान चौपट झालं की डिबाय लेंथ दुप्पट, साधारण 15, म्हणजे सेलच्या 0.3 पट. तिथे सोंग घेणाऱ्या लाटाच मरतात आणि तापणं जवळपास थांबतं. थोडक्यात, ग्रिडला झेपेल इतका प्लाझ्मा स्वतःच तापला! आलेख सपाट झाला म्हणून मी आधी त्याला समतोल समजून खूशही झालो होतो.

सेल 7 मायक्रोमीटरचा केला, तापणं गेलं. पण त्रिमितीत तेच करायचं तर सेल साडेतीनशे पटींच्या वर जातात, म्हणून मग लोक कणांना जास्त पसरट आकार देतात, फिल्टर लावतात, किंवा ऊर्जेचा हिशोब चोख ठेवणारी पद्धत वापरतात. कुणी व्हिडिओ दाखवला तर मी आता आधी सेल किती डिबायचा ते विचारतो.