कातडीचे टाके उसवतात तेव्हा

काखेत हात घालून बाळाला उचलावे आणि तिथली कातडी सोलून निघावी. मग घरात कुजबुज सुरू होते ती गरोदरपणात न पाळलेल्या ग्रहणाची. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही आणि हा आजार शिवल्याने पसरत नाही. डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा हे त्याचे नाव. बिघाड तिसऱ्या गुणसूत्रावरच्या सीओएल७ए१ या जनुकात असतो.

बाह्यत्वचा अंतस्त्वचेला टाचलेली असते. हे टाके सातव्या प्रकारच्या कोलाजेन या प्रथिनाचे, आणि ते बनवण्याची कृती याच जनुकात. या कोलाजेनच्या एका साखळीत २९४४ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात; तीन साखळ्या मिळून तिपेडी वेणी होते आणि अशा वेण्यांच्या जुडीचा एक टाका. वेणीच्या पिळात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन लागते. तिन्ही पेड आत जिथे भिडतात तिथली फट इतकी अरुंद, की सर्वांत लहान असलेले हे आम्लच तिथे मावते. त्याऐवजी धिप्पाड आर्जिनिन आले की पीळ अडतो.

आता गणित पाहा. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत असा बदल असेल, तर निम्म्या साखळ्या सदोष. तिन्ही पेड चांगले लागण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८. आठातल्या सात वेण्यांत खराब पेड असतोच, म्हणून एकच सदोष प्रत आजाराला पुरते. याउलट बदलामुळे जनुकात अकाली ‘थांबा’ आला, तर त्या प्रतीचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल, पेशी बहुधा मोडूनच टाकते. साखळ्या निम्म्याच बनतात, पण सगळ्या धड. आणि तेवढे टाके कातडीला पुरतात! असे वाहक आईवडील ठणठणीत असतात. दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता १/४, आणि हा प्रकार सहसा जास्त गंभीर. मामेबहिणीशी लग्न झाले असेल तर दोघांकडे एकाच आजोबा-आजींकडून आलेला तोच बदल असण्याचा धोका वाढतो.

२०२३ मध्ये अमेरिकेत जनुक-जेल, म्हणजे या जनुकाची चांगली प्रत विषाणूमार्फत जखमेत पोचवणारे जेल, मंजूर झाले आणि ‘आजार बरा’ अशी हाकाटी झाली. या जनुकाचा मजकूर सुमारे ९००० अक्षरांचा. जनुकोपचारात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एएव्ही विषाणूत ४७०० च्या आसपासच मावतात. म्हणून बदल केलेला हर्पिस विषाणू वापरला. तो गुणसूत्रात जोडला जात नाही, त्यामुळे जखमेवर दर आठवड्याला थेंब टाकावे लागतात. अन्ननलिकेतल्या फोडांपर्यंत जेल पोचत नाही.

तोवर रोजची निगा महत्त्वाची. बाळाला एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेखाली घालून, शक्यतो मऊ गादीसकट उचलावे. फोड मोठा होऊ देऊ नये: निर्जंतुक सुईने खालच्या कडेला भोक पाडून पाणी काढावे, वरची साल तशीच ठेवावी आणि सिलिकॉनचे न चिकटणारे ड्रेसिंग लावावे. चिकटपट्टी कधीच नको.