पिंजरा-प्रशिक्षण (कुत्र्याच्या पिल्लाचे)

कुत्र्याच्या पिल्लाने घरात घाण न करता ठरलेल्या जागीच मलमूत्र विसर्जन करावे, यासाठी झोपेच्या वेळी व लक्ष देणारे कोणी नसताना त्याला क्रेटमध्ये, म्हणजे जाळीच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात, ठेवण्याची पद्धत. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाली असावी.

कुत्रा हा मूळचा बिळात राहणारा प्राणी असून क्रेट म्हणजे त्याचे बीळच होय, असे या पद्धतीचे समर्थन बहुधा केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. लांडगे बिळाचा उपयोग मुख्यत्वे पिल्लांच्या जन्मासाठी व सुरुवातीच्या संगोपनासाठी करतात. पिल्ले साधारण ८ ते १० आठवड्यांची झाली की कळप उघड्यावरील जागी मुक्काम हलवतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी भारतातील मोकाट कुत्र्यांच्या विण्याच्या १४८ जागांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात गाभण कुत्री अनेक जागा हुंगून, नाकारून मग एक पक्की करते आणि अशा जागा माणसांच्या वर्दळीतही आढळतात, असे दिसून आले. थोडक्यात, बीळ ही व्यालेल्या मादीची गरज आहे. प्रौढ कुत्र्याच्या निवाऱ्याविषयी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

अंथरूण स्वच्छ राखण्याच्या प्रवृत्तीला मात्र अधिक भक्कम आधार आहे. पहिले सुमारे तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय पिल्लाला विसर्जन करता येत नाही आणि ते सारे तीच चाटून साफ करते. पुढे पाय स्थिरावू लागले की पिल्ले झोकांड्या खात झोपेच्या जागेपासून दूर जाऊन मोकळी होतात. क्रेटचा परिणाम याच संकोचावर अवलंबून असल्याने त्याचा आकार उभे राहणे, वळणे व पाय पसरून झोपणे यांपुरताच ठेवतात; मोठ्या क्रेटमध्ये आडपडदा घालतात, नाहीतर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसरा घाण करते. विक्रीच्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत वाढलेल्या पिल्लात हा संकोच पुष्कळदा उरलेला नसतो व तेथे ही पद्धत फसते.

जाग आल्यावर, खाण्यानंतर व खेळानंतर पिल्लाला लगेच बाहेर नेतात. वयाच्या महिन्यांत एक मिळवून येईल तितके तास ते लघवी रोखू शकते, हा प्रचलित आडाखा उदारच म्हटला पाहिजे. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कोंडणे सर्वत्र त्याज्य मानले जाते, तर स्वीडनमध्ये घरी नित्य क्रेटमध्ये ठेवण्यावरच कायद्याचे निर्बंध आहेत.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांना जीवघेण्या ठरू शकणाऱ्या सांसर्गिक विषाणूच्या भीतीने शहरांत रस्त्याऐवजी गच्चीचा कोपरा वापरतात. मात्र पायाखालच्या पृष्ठभागाची आवड साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास पक्की होऊ लागत असल्याने फरशीला सरावलेले पिल्लू पुढे गवतावर नेले तरी नुसते हुंगत फिरते आणि घरी परतल्यावर फरशीवरच मोकळे होते.