नेटवर्क तारांचं आणि नेटवर्क माणसांचं

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाचा फॉर्म भरत होतो. दोन शहरांतले कलाकार एकाच वेळी एका पडद्यावर एकत्र दिसतील असा छोटा प्रयोग करायचा होता, त्याची परवानगी हवी होती. एका रकान्यात विचारलं होतं, 'आपण कोणत्या रिसर्च नेटवर्कशी संलग्न आहात?' मी ऐटीत डिजिटल कथनाचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाचं नाव लिहून टाकलं. चार दिवसांनी आयटी विभागाचा मेल आला : 'कृपया आपली आयपी रेंज कळवावी.' म्हणजे आमच्या संगणकांचे नेटवर्कवरचे पत्ते.

त्यांना तारांचं नेटवर्क अपेक्षित होतं, मी माणसांचं लिहून बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर चूक कोणाचीच नव्हती. इंटरॅक्टिव्ह आणि डिजिटल माध्यमांवर काम करणाऱ्या विद्यापीठांत 'रिसर्च नेटवर्क' हा शब्द दोन्ही गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो, आणि वापरणारा कोणता अर्थ मनात धरून बोलतोय हे सांगायच्या फंदात कोणी पडत नाही.

तारांचं नेटवर्क म्हणजे अक्षरशः फायबर, राऊटर आणि ते चालवणारी संस्था. ब्रिटनमध्ये जॅनेट १९८४ पासून आहे, अमेरिकेत इंटरनेट२ १९९६ मध्ये सुरू झालं, युरोपातल्या देशोदेशींच्या अशा नेटवर्कांना एकमेकांशी जोडणारं जेआँ २००० मध्ये आलं, भारतात नॅशनल नॉलेज नेटवर्क आहे. इथे सभासद असते ती संस्था. प्राध्यापक सोडून गेले, विद्यार्थी पास होऊन गेले, तरी विद्यापीठाची जोडणी जागच्या जागी राहते.

माणसांचं नेटवर्क म्हणजे एका विषयावर काम करणाऱ्यांनी बांधलेली मोट. गेम्सचा अभ्यास करणाऱ्यांची डिग्रा ही संघटना २००३ ची. इलेक्ट्रॉनिक साहित्यवाल्यांची, म्हणजे संगणकावरच घडणाऱ्या कथा-कविता करणाऱ्यांची, ईएलओ १९९९ ची. इलेक्ट्रॉनिक कलांवरची इसीया ही परिषद १९८८ मध्ये उट्रेख्टला पहिल्यांदा भरली. इथे प्रामुख्याने माणूस सभासद असतो. तो नोकरी बदलतो तेव्हा नेटवर्कही त्याच्याबरोबर नव्या गावाला जातं.

दोघांना एकच नाव कसं पडलं याचं मूळ बघायला १९६९ पर्यंत मागे जावं लागतं, आणि ते बघण्यासारखं आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे निघाला. पाठवायचं होतं 'लॉगिन', पण पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची सिस्टीम झोपली. वर्ष संपेपर्यंत सांता बार्बरा आणि युटा ही विद्यापीठं जोडली जाऊन चार ठिकाणं झाली. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातलं जास्त रंजक वाटतं ते हे, की या ठिकाणी चालायचं काय. स्टॅनफर्ड रिसर्चमध्ये डग्लस एंगलबार्टचा गट होता, ज्याने १९६८ च्या डिसेंबरमध्ये माऊस आणि पडद्यावरचं सामायिक संपादन जाहीरपणे करून दाखवलं होतं. सांता बार्बराला गणित पडद्यावर बसून संवादी पद्धतीने सोडवायची व्यवस्था होती. युटात संगणकीय चित्रण, म्हणजे आजच्या भाषेत कॉम्प्युटर ग्राफिक्स. चारांपैकी तीन जागा आज आपण ज्याला इंटरॅक्टिव्ह माध्यमं म्हणतो त्याच्याच होत्या!

आणि तार पडायच्या आधीच माणसं जमली होती. १९६८ पासून या विद्यापीठांतले विद्यार्थी एकमेकांना भेटत होते. स्वतःला ते 'नेटवर्क वर्किंग ग्रुप' म्हणवून घेत. त्यांच्यातल्या स्टीव्ह क्रॉकरने ७ एप्रिल १९६९ रोजी पहिलं टिपण लिहिलं. आपण पोरंसोरं, हुकूम सोडल्यासारखं वाटू नये म्हणून त्याला नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'तुमचं मत कळवा'. इंटरनेटचे बरेचसे नियम आजही त्याच नावाच्या टिपणांतून येतात. तेव्हा पहिलं रिसर्च नेटवर्क एकाच वेळी तारांचंही होतं आणि माणसांचंही. पुढे दोन्ही वेगळी झाली, नाव मात्र सामायिकच राहिलं.

युटाचाच अजून एक किस्सा. १९७५ मध्ये तिथल्या मार्टिन न्यूएलला त्रिमितीय चित्रणाची चाचणी घ्यायला एखादी नेहमीची वस्तू हवी होती. त्याने घरची चहाची किटली घेतली, तिचा आकार आकड्यांत उतरवला आणि ते आकडे खुले केले. ज्याला सावली, चकाकी किंवा पोत तपासायचा असेल तो तीच किटली काढू लागला, त्यामुळे एकाच्या चित्राची दुसऱ्याच्या चित्राशी तुलना करता यायला लागली. किटली काय, नुसते आकडे. कुठल्याही वाटेने गेली असती. तिला सगळ्यांची किटली केलं ते माणसांच्या नेटवर्कने.

आता तारा जवळून बघू. इंटरॅक्टिव्ह कामात त्यांचा कस लागतो तो वेळेवर.

दोन वादक दहा मीटर अंतरावर बसले तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर वादक सांभाळून घेतात. त्यापुढे मजा सुरू होते : हा त्याच्यासाठी थांबतो, तो याच्यासाठी, आणि लय हळूहळू मंदावत जाते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. हिशेबाने हजार किलोमीटर लांबचा तबलजी दोन मीटरवर बसल्यासारखा ऐकू यायला हवा. मग नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर साधं 'हॅपी बर्थडे'सुद्धा एका सुरात का म्हणता येत नाही? कारण वेळ अंतरात फारसा जातच नाही. तो जातो चित्र आणि आवाज आवळून लहान करण्यात, पलीकडे पुन्हा उलगडण्यात, आणि पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, मागेपुढे पोचले तर धक्का बसू नये म्हणून थोडा साठा करून ठेवण्यात. त्या साठ्याला बफर म्हणतात, आणि रंगमंचावर काम करणाऱ्यांचा तो शत्रू क्रमांक एक.

इटलीत त्रिएस्ते इथल्या तार्तिनी संगीत विद्यालयाने तिथल्या गार या संशोधन नेटवर्कबरोबर लोला नावाची प्रणाली बनवली. त्यांनी आवळणंच काढून टाकलं, आणि बफर जेमतेम ठेवला. २०१० मध्ये त्रिएस्ते आणि पॅरिसमधल्या वादकांनी त्यावर जाहीरपणे एकत्र वाजवून दाखवलं. याची किंमत बँडविड्थमध्ये, म्हणजे माहितीच्या रस्त्याच्या रुंदीत, मोजावी लागते. ६४० बाय ४८० हे आजच्या मानाने अगदीच फुटकळ चित्र; पण सेकंदाला ६० चौकटी, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आणि न आवळता पाठवायचं म्हटलं, तर सेकंदाला सुमारे ४४० मेगाबिट झाले. तेही सलग, एकही गचका न बसता. घरच्या जोडणीवर आकडा कधीमधी गाठता येईल, पण सलगपणा मिळणार नाही. तिथे शेजारच्या शंभर घरांबरोबर रस्ता वाटून घ्यायचा असतो. विद्यापीठांची नेटवर्कं मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात, पॅकेट पोचण्याच्या वेळेतली चढउतार कमी असते, आणि त्याचमुळे असे प्रयोग बहुतेक करून विद्यापीठांतच होतात. स्टॅनफर्डच्या संगीत केंद्रातून आलेलं जॅकट्रिप फक्त आवाज पाठवतं, त्यामुळे त्याला इतका रुंद रस्ता लागत नाही. पण गचके त्यालाही चालत नाहीत.

तारांच्या नेटवर्कची आणखी एक ओळख आपल्यापैकी अनेकांच्या खिशात असते, फक्त माहीत नसते. दुसऱ्या विद्यापीठात गेलात आणि फोन आपोआप वायफायला जोडला गेला, तर ते एड्युरोम. तुमचा पासवर्ड तिथले यजमान तपासत नाहीत. तुमच्या आयडीतला @ च्या पुढचा भाग बघून विनंती तुमच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरकडे जाते, तिथून 'हा आमचाच' असं उत्तर येतं आणि दार उघडतं. म्हणजे संस्थांचा संस्थांवर विश्वास. तुमची ओळख त्यात फक्त 'अमुक संस्थेचा माणूस' इतकीच. नोकरी सुटली की दार बंद, मग तुम्ही त्या विषयातले कितीही मोठे जाणकार असा.

माणसांच्या नेटवर्कला तार विकत घ्यायची नसते. त्याला लागतं ते तिकिटाचं भाडं. हे गंमतीत म्हणत नाही. युरोपात १९७१ पासून चालू असलेली कॉस्ट नावाची योजना नेमकं हेच करते : बैठका, प्रवास, तरुण संशोधकांसाठी छोटे अभ्यासवर्ग आणि दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस राहून काम करण्याचा खर्च. पगार आणि यंत्रसामग्री त्यात बसत नाही. इंटरॅक्टिव्ह कथनातून गुंतागुंतीचे विषय कसे मांडता येतील यावर इंडकॉर नावाचा गट २०१९ ते २०२३ या काळात याच योजनेखाली चालला. बाहेरच्याला वाटतं, नुसती फिरायला पैसे देणारी योजना. माझं मत उलट आहे. या विषयात एक जण कोड लिहिणारा असतो, एक नाट्यशास्त्रातला, एक मानसशास्त्रातला. तिघांच्या परिभाषा इतक्या वेगळ्या की एका टेबलाशी तीन दिवस बसल्याशिवाय 'इंटरॅक्शन' म्हणजे प्रत्येकाला काय म्हणायचंय तेच कळत नाही.

ही नेटवर्कं फिरस्ती असतात. ईएलओ शिकागोत सुरू झाली, मग यूसीएलए, मेरीलँड, एमआयटी, वॉशिंग्टन स्टेट असं बिऱ्हाड हलवत राहिली. ज्या विद्यापीठात सांभाळणारा कोणी असेल तिथे मुक्काम. आणि पैसा आटला की काही बंदही पडतात. ग्राफिक्स, अ‍ॅनिमेशन आणि नवमाध्यमांसाठी कॅनडात देशभरातल्या विद्यापीठांचं ग्रँड नावाचं मोठं नेटवर्क २०१० च्या सुमारास उभं राहिलं, आणि पाचेक वर्षांत अनुदान थांबल्यावर मिटलं. तारांचं नेटवर्क असं एका दिवशी मिटवता येत नाही. त्यावर रुग्णालयांपासून वेधशाळांपर्यंत सगळे लटकलेले असतात.

मग माणसांच्या नेटवर्कचा उपयोग कधी कळतो? ३१ डिसेंबर २०२० ला कळला. त्या दिवशी अडोबीने फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरचा, आधार काढून घेतला. फ्लॅशमध्ये केलेल्या कथा, कविता, खेळ सगळे सर्व्हरवर जिथल्या तिथे होते. तारांचं काहीच बिघडलं नव्हतं, फाईल पूर्वीसारखीच सुखरूप पोचत होती, फक्त उघडायला कोणी उरलं नव्हतं. अशा वेळी आयटी विभागाला फोन करून काय सांगणार? त्यांच्या दृष्टीने सगळं हिरवं. हे काम वॉशिंग्टन स्टेटच्या व्हँकुव्हर कॅम्पसवरच्या (हे व्हँकुव्हर अमेरिकेतलं, कॅनडातलं नव्हे, इथेही नावाचा घोळ आहेच) इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या प्रयोगशाळेसारख्या जागी होतं. तिथे जुने संगणक चालू स्थितीत राखले आहेत. एक पद्धत अशी की मूळ लेखकाला त्या काळच्याच यंत्रासमोर बसवायचं, त्याने आपली कृती क्लिक करत मोठ्याने वाचत जायचं, आणि ते सगळं चित्रित करायचं. कुठे थांबला, कोणत्या दुव्यावर हसला, यंत्र किती वेळ खरखरलं, हेसुद्धा त्यात येतं. यासाठी कोण लेखक, कुठे असतो, त्याच्याकडे मूळ फ्लॉपी आहे का, हे माहीत असणारं कोणीतरी लागतं. ती माहिती कुठल्याच राऊटरमध्ये नसते.

ओळखायची माझी युक्ती साधी आहे. नाव सोडून द्या, सभासदांची यादी बघा. विद्यापीठांची नावं, नकाशावर रेघा आणि रेघांवर गिगाबिटचे आकडे असतील तर तार. माणसांचे चेहरे आणि त्याखाली 'आवडीचे विषय' असतील तर माणसं. मध्ये अडकतात ती हेक्साग्रामसारखी. हे माँट्रियलमधलं कॉन्कॉर्डिया आणि यूक्वाम या विद्यापीठांनी मिळून उभारलेलं माध्यमकलांचं नेटवर्क. त्यात सभासद माणसं आहेत, पण स्टुडिओ आणि यंत्रंही आहेत. तरी दोन प्रकारांपैकी ते माणसांच्याच बाजूचं : दोन गावं जोडणारी फायबर त्याची नाही, फायबरच्या टोकाला बसून काय करायचं ते त्याचं.

माझ्या फॉर्मचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आयपी रेंज मिळवून दिली, पोर्ट उघडले गेले, चाचणीच्या दिवशी चित्र आलं आणि आवाज आला नाही. आमच्या आयटीवाल्यांनी तपासलं, आमच्या बाजूने सगळं ठीक. पलीकडच्यांनी तपासलं, त्यांच्याही बाजूने सगळं ठीक. दोन तास असे गेल्यावर मी त्या पहिल्या फॉर्मात ज्याचं नाव लिहिलं होतं त्या मंडळातल्या एका बाईंना फोन केला. त्या पलीकडच्या विद्यापीठात कधीकाळी शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "त्या हॉलमधलं ऑडिओचं खोकं जुनं आहे, ते सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नमुन्यांवर ठेवलं तरी मनातल्या मनात ४४.१ हजारांवरच चालतं. बंद करून पुन्हा चालू करायला सांग." चालू केलं, आणि पलीकडून कोणीतरी खाकरल्याचा आवाज आला.