चार मीटरची गाडी, १२० चा रस्ता

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. ७०१ किलोमीटरच्या या काँक्रीटवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ही मुभा देताना गाडी चार मीटरची की पाच, टायर बारा इंची की सतरा, असं कोणी विचारत नाही. विचार करायची वेळ येते ती नंतर, गॅरेजमध्ये. 'नव्वदच्या पुढे गाडी तरंगते', 'शेजारून ट्रक गेला की ओढली जाते', 'लेन बदलली की मागचा भाग हलतच राहतो'. यावर ठरलेली उत्तरंही असतात: अलाइनमेंट करा, रुंद टायर टाका, स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवा. या उपायांपैकी काही कामाचे आहेत, काही नाहीत. पण तक्रारीचं मूळ बरेचदा त्या एका गाडीत नसतं. आपल्याकडची छोटी गाडी कुठल्या रस्त्यासाठी, कुठल्या कराच्या चौकटीत आणि कोणाच्या सोयीसाठी घडली, हे पाहिल्याशिवाय ते सापडत नाही.

आधी थोडं शास्त्र. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ६० ला जी झुळूक कळतही नाही, ती १२० ला स्टेअरिंगमध्ये जाणवते, आणि गाडी हलकी असेल तर जास्तच. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांच्या प्रमाणावर ठरतं. उंच आणि अरुंद गाडी इथे जन्मतःच मागे पडते. स्प्रिंग कितीही कडक केली तरी हे प्रमाण बदलत नाही. बदलतो तो फक्त गाडी कलण्याचा वेग आणि कोन.

वळणावर गाडी नेमकी कशी बिघडते याचा पद्धतशीर अभ्यास १९३० च्या दशकात सुरू झाला. मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांना पुढची चाकं स्वतंत्रपणे हलणारं सस्पेन्शन मिळालं, त्यामागे त्याचं काम होतं. अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर हे शब्द रूढ झाले तेही त्याच काळात, त्याच वर्तुळात. अर्थ साधा आहे: पकड आधी कोणाची सुटते, पुढच्या चाकांची की मागच्या? पुढची आधी सुटली (अंडरस्टिअर) तर गाडी वळणाबाहेर रुंद जाते, चालक घाबरून पाय उचलतो आणि गाडी बहुतेक वेळा सावरते. मागची आधी सुटली (ओव्हरस्टिअर) तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाबरून पाय उचलला तर जास्तच फिरते. म्हणून सामान्य माणसाच्या गाडीत पुढची पकड आधी सुटली पाहिजे, असा अलिखित नियम झाला. छोट्या गाड्यांचा पुढचा सगळा इतिहास हा नियम पाळण्यासाठी केलेल्या खटपटींचा आहे.

खटपट लागली, कारण त्या काळी स्वस्त गाडी बनवायची म्हणजे इंजिन मागे टाकायचं, हा सोपा मार्ग होता. फोक्सवॅगन बीटल त्यातली सर्वांत यशस्वी. मागे जड इंजिन, पुढे जवळजवळ रिकामी डिकी. आडवा वारा आला की पुढचं हलकं टोक आधी सरकायचं. मागच्या स्विंग अ‍ॅक्सलला फक्त आतल्या टोकाला सांधा होता. जोरात वळताना बाहेरचं मागचं चाक गाडीखाली दुमडायला बघायचं आणि मागचा भाग वर उचलला जायचा.

हीच मांडणी शेव्हरोलेने १९६० च्या कोर्व्हेअरमध्ये घेतली. ही गाडी अमेरिकेच्या मापाने छोटी. आपल्याकडे आज तिला कोणी छोटी म्हणणार नाही, पण धडा तिच्यातून घ्यावा असा आहे. मागे सहा सिलिंडरचं हवेवर थंड होणारं इंजिन, खाली स्विंग अ‍ॅक्सल. पुढे अँटी-रोल बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारी सळई, लावला असता तर पुढची पकड आधी सुटली असती आणि मागची बाजू सावरली असती. तो खर्च वाचवला गेला आणि त्याऐवजी उपाय टायरच्या हवेत शोधला: थंड टायरमध्ये पुढे १५ पीएसआय, मागे २६. पुढे हवा कमी म्हणजे पुढची पकड ढिली, म्हणजे ऑलीचा नियम कागदावर पाळला गेला. फक्त हे कोणाला माहीत नव्हतं. पंपावरचा माणूस सवयीने चारही टायरमध्ये सारखी हवा भरायचा आणि कंपनीची सगळी युक्ती मिनिटभरात निघून जायची. १९६४ मध्ये पुढे अँटी-रोल बार आला, मागे आडवी पाट्याची स्प्रिंग आली. १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच नवं आलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झालं, ज्याचं पहिलं प्रकरण कोर्व्हेअरवर होतं. म्हणजे गाडी सुधारल्यावर ती बदनाम झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. १९७२ मध्ये सरकारी तपासणीने सुरुवातीच्या कोर्व्हेअर त्या काळातल्या इतर गाड्यांच्या तुलनेत फार वेगळ्या धोकादायक नव्हत्या असा निष्कर्ष काढला, पण तोवर उत्पादन थांबून तीन वर्षं झाली होती. माझ्या मते दोष मागच्या इंजिनापेक्षा या गृहीतकात होता की चालक पुस्तिका वाचून हवा भरेल.

१९५९ ची ब्रिटिश मिनी दुसऱ्या वाटेने गेली. अ‍ॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवं करून पुढे बसवलं, पुढचीच चाकं चालती केली, दहा इंची चाकं अगदी चार कोपऱ्यांत नेली. वजन पुढे, गाडी बुटकी. १९६४ ची माँटे कार्लो रॅली तिने जिंकली. आजची जवळजवळ प्रत्येक छोटी गाडी मांडणीने तिची वारस आहे, फक्त बुटकेपणाचा वारसा वाटेत कुठेतरी राहून गेला.

तो सुटला जपानमध्ये आणि नंतर आपल्याकडे. जपानच्या केई वर्गातल्या गाड्यांना करात सवलत असते, पण लांबी, रुंदी आणि इंजिन यांवर कडक मर्यादा. १९७६ ते १९९० या काळात रुंदी १.४ मीटरपेक्षा जास्त चालत नसे आणि इंजिन ५५० सीसीपर्यंत. या गाड्या गावात, गल्लीत फिरण्यासाठी होत्या. तिथल्या द्रुतगती मार्गांवर त्यांना ताशी ८० चीच परवानगी होती, १०० ची मिळाली २००० साली.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती याच घराण्यातली, मोठं इंजिन घातलेली सुझुकी. १९८६ च्या नव्या रूपात तिची रुंदी १.४४ मीटर, वजन साधारण ६५० किलो, टायर १४५/७० आर १२, म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर आणि रिम बारा इंची. तेव्हाच्या आपल्या दुपदरी महामार्गांवर, समोरून येणारे ट्रक आणि कडेने चालणाऱ्या बैलगाड्या सांभाळत, साठच्या पुढे जाणं क्वचितच व्हायचं. त्या रस्त्यासाठी ती गाडी चोख होती. पण २००० साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे पहिले टप्पे खुले झाले, २००२ मध्ये तो पूर्ण झाला, सुवर्ण चतुष्कोनाची कामं जोरात होती. रस्ता पाच-सहा वर्षांत बदलला. गाडी त्या गतीने बदलली नाही, किंबहुना ती उलट्या दिशेला गेली.

१९९८ मध्ये ह्युंदाई सॅन्ट्रो आली, १९९९ च्या अखेरीस वॅगन आर. दोन्ही 'टॉल बॉय'. घरातल्या आजी-आजोबांना वाकून आत शिरावं लागत नाही, साडी नेसून बसता येतं, फेटा काढावा लागत नाही, वरून रस्ता छान दिसतो. ग्राहकाला हे हवं होतं आणि त्यात चूक काही नाही. १९९३ मध्ये जपानमध्ये वॅगन आर जन्मली तीच रुंदीवरच्या मर्यादेमुळे: आडवं वाढता येत नाही तर उभं वाढा. आपल्याकडे रुंदीवर मर्यादा नव्हती, तरी साचा तोच आला.

मग २००६ चा केंद्रीय अर्थसंकल्प. छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. हीच मोजपट्टी जीएसटीत उतरली आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीतही छोट्या गाडीला १८ टक्के लागतात ते याच मापाने. या व्याख्येत रुंदी नाही, उंची नाही, वजन नाही. लांबी कापायची आणि जागा मात्र दाखवायची, तर छत वर न्यायचं. चार मीटरच्या आतल्या उंच एसयूव्हींचं आपल्याकडे जे पीक आलं त्याची मुळं या एका ओळीत आहेत. करखात्याने सस्पेन्शनचा विचार करावा अशी अपेक्षा नाही, पण गाडीचा आकार शेवटी त्यानेच ठरवला.

उंच छोटी गाडी किती सहज फसते, हे जगाने १९९७ मध्ये पाहिलं होतं. मर्सिडीजची ए-क्लास, लांबी जेमतेम ३.५७ मीटर, खाली दुहेरी तळ असल्यामुळे माणसं उंचावर बसलेली. अपघातात इंजिन त्या तळाखाली सरकावं अशी हुशार रचना. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला स्वीडनच्या 'टेक्निकेन्स व्हेर्ल्ड' मासिकाने तिची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस (तिकडचं मोठं हरीण) आला तर एकदा डावीकडे, लगेच उजवीकडे वळायचं. रॉबर्ट कोलिन चालवत होता. साधारण साठच्या वेगात गाडी उलटली. पूर्व जर्मनीची जुनी, चेष्टेचा विषय असलेली ट्राबांट तीच चाचणी पार करते हे दाखवून लोकांनी जखमेवर मीठ चोळलं. मर्सिडीजने आधी टायरकडे बोट दाखवलं. मग पुरवठा थांबवला, सस्पेन्शन बदललं, टायर बदलले आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी ही घसरती गाडी सावरणारी यंत्रणा बसवली.

ईएसपी तोवर महागड्या गाड्यांची मिरवायची गोष्ट होती. बॉशने बनवलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये एस-क्लासमध्ये आली होती. स्टेअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, हे सेन्सर सतत ताडून पाहतात. तफावत दिसली की एखाद्याच चाकाला ब्रेक लागतो आणि गाडी ओढून रेषेवर आणली जाते. चार पायांनी चार वेगळे ब्रेक दाबणं कुठल्याही चालकाला शक्य नाही, म्हणून हे काम त्याच्या कौशल्यावर सोडता येत नाही. ए-क्लासच्या नामुष्कीमुळे ही यंत्रणा छोट्या गाडीत, मोठ्या संख्येने आली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली.

ए-क्लासचा धसका स्मार्ट या दोन आसनी गाडीनेही घेतला. इंजिन मागे, लांबी अडीच मीटर. तिचं आगमन मार्च १९९८ वरून ऑक्टोबरवर ढकललं गेलं. तिच्या पुढच्या टायरची रुंदी १३५ मिलिमीटर, मागच्यांची १७५. नियम तोच, पुढची पकड आधी सुटू दे.

दहा वर्षांनी, १० जानेवारी २००८ ला दिल्लीत टाटा नॅनो दिसली. पुण्यात घडलेली, गिरीश वाघ यांच्या चमूची गाडी. पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२. चार पैसे वाचवण्यासाठी पुढे बारीक टायर लावले असं तेव्हा बरेच जण हसून म्हणायचे. प्रत्यक्षात मागे इंजिन असलेल्या सहाशे किलोच्या गाडीला सरळ ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होता. हवा भरणाऱ्याला मोडता येणार नाही असा! कमाल वेग १०५ वर थांबवला होता, तोही शहाणपणाने. नॅनोत टीका करण्यासारखं बरंच होतं, टायर त्यात येत नाहीत.

छोट्या गाडीच्या 'हलक्या' स्टेअरिंगचं मूळही छोट्या गाडीतच आहे. विजेवर चालणारं पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा आलं १९८८ च्या सुझुकी सर्व्हो या केई गाडीत. हायड्रॉलिक पंप इंजिनाची शक्ती सतत खातो, हे लागेल तेवढंच वीज घेतं. पार्किंगला वरदान. वेगात मदत कमी होऊन स्टेअरिंग जड व्हायला हवं. जिथे हे नीट साधलेलं नाही, तिथे रस्ता हाताला कळत नाही आणि 'तरंगण्या'ची निम्मी तक्रार तिथून येते.

अलीकडे गोष्टी हलल्या आहेत. २०१९ ची वॅगन आर आधीच्यापेक्षा १२५ मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर बुटकी आली. त्या एका बदलाने जे साधलं ते कुठल्याही बफरने साधणार नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाली. त्याच जुलैपासून ८० च्या पुढे टुणटुण वाजणारा इशाराही, ज्यावर आपण गाण्याचा आवाज वाढवतो. मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. सलग मोठ्या वेगात गाडी तपासण्याची इतकी लांब सोय देशात त्याआधी नव्हती. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या भारत एनकॅप या सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी (ईएसपीचंच दुसरं नाव) लागते. २०२४ मध्ये अल्टो के१० आणि एस-प्रेसोच्या सर्व मॉडेलांत ती आली. मर्सिडीजच्या फजितीनंतर २७ वर्षांनी.

जुन्या गाडीवाल्याच्या हातात मात्र अजूनही मुख्यतः टायरच आहेत. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचे दोन आकडे असतात, एक दोघांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी; दुसरा सहसा कोणी वापरत नाही. उन्हाळ्यात कमी हवेचा टायर वेगात जास्त दुमडतो आणि तापतो, आणि टायर फुटण्याची सुरुवात बहुधा तिथून होते. स्प्रिंगमधले बफर गाडी उचलतात, म्हणजे वेगातल्या स्थैर्याच्या नेमकं विरुद्ध काम करतात. एक माप रुंद टायर, रिमला मानवत असेल तर, उपयोगी पडतो. झिजलेला शॉकअप बदलणं त्याहून उपयोगी. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवायचे. पुढची चाकं चालती असल्यामुळे दुकानदार पुढे बसवायला निघतो, कारण झीज तिथेच होते. पण ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर मागे असलेली पुढच्या चाकांवर चालणारी गाडीसुद्धा फिरते. टायर कंपन्याही नवी जोडी मागेच बसवा असं सांगतात.